प्रेक्षकांवाचून सोंग

शनिवार-रविवारच्या सुट्टीत वीस-पंचवीस तरुण-तरुणींनी एखाद्या माळावर जमावे. कोणी राजा व्हावे, कोणी वैदू, कोणी हेर, तर कोणी शापित यक्ष. आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत त्या कल्पित नावांनीच एकमेकांना हाक मारावी, हे ऐकून आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. मुलांनी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मान खुपसून बसावयाच्या वयात हा पोरखेळ कशासाठी, असा प्रश्न ते विचारतील. प्रश्न गैरलागू नाही. परंतु ज्याला आपण पोरखेळ म्हणतो त्याची मुळे आपल्याच मातीत किती खोल गेली आहेत, याचा विचार त्याआधी झाला पाहिजे.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला ‘लार्प’ म्हणतात. आपण त्याला भूमिकाखेळ म्हणू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. पुढे खेळाडू टेबलावरून उठून उघड्या मैदानात आले. १९८२ साली इंग्लंडमधील पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ या नावाने असे खेळ सुरू झाले. आज जर्मनीत अशा मेळ्यांसाठी हजारो माणसे तंबू ठोकून राहतात. आणि डेन्मार्कमध्ये होब्रो येथे २००६ साली सुरू झालेल्या ऑस्टरस्कोव्ह या निवासी शाळेत नेहमीचे शालेय विषयही भूमिकाखेळातून शिकवले जातात. या खेळात संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतो. संयोजक प्रसंग आणि नियम ठरवून देतो. कथा घडते ती खेळणाऱ्यांच्या निर्णयांतून.

आता आपल्याकडे पाहा. उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या ललितात भालदार-चोपदारांपासून वासुदेव-गोंधळ्यांपर्यंत सोंगे येत. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात आजही मुखवटे चढवून देव-दानव नाचतात. आणि बहुरूपी तर रंगमंचाचीही अपेक्षा ठेवत नसे. हवालदाराच्या वेषात तो थेट अंगणात येई, घरधन्यावर खोटाच आरोप ठेवी, आणि घरधनीही क्षणभर आरोपी होऊन त्याला उत्तर देई. हा भूमिकाखेळ नव्हे तर काय? दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणारे मूलही तेच करीत असते. फरक इतकाच की, मिसरूड फुटताच आपण त्याच्या हातून तो किल्ला काढून घेतो.

तथापि परंपरेचा हा गौरव करताना तिच्यातील एक कठोर विसंगती झाकून ठेवता येणार नाही. रोज नवे रूप घेणाऱ्या बहुरूप्याला समाजाने मात्र जन्मभरासाठी एकच भूमिका दिली: दारोदार फिरून मागणाऱ्याची. बोहाड्यातही अनेक ठिकाणी ठरावीक सोंग ठरावीक घराकडेच चालत आले. सोंग घेण्याची मुभा होती, सोंग निवडण्याची नव्हती. स्त्रियांच्या वाट्याला तर बहुधा पाहणेच आले. त्यांची सोंगेदेखील पुरुषांनी लुगडी नेसून वठवली. नव्या खेळाचे खरे मोल येथे आहे. त्यात भूमिका आडनावावरून मिळत नाही, ती निवडावी लागते. जन्माने अंगावर आलेली भूमिका दोन दिवस उतरवून ठेवण्याची सोय आपल्या समाजात दुसरी कोठे आहे?

मग राजे-मावळेच का होऊ नये, काल्पनिक राज्ये कशाला, असेही कोणी म्हणेल. इतिहासाविषयी आदर बाळगूनच याचे उत्तर दिले पाहिजे. पन्हाळगडाहून पावनखिंडीकडे पावसाळ्यात पदयात्रा काढणारे तरुण १६६० चा तो प्रसंग पायांनी अनुभवतात, ते स्तुत्यच आहे. परंतु खेळ म्हटला की प्रतिपक्ष आला, आणि आजच्या वातावरणात शत्रू कोणी व्हायचे, या प्रश्नापाशी खेळाचा तंटा होण्यास वेळ लागत नाही. शिवाय इतिहासाचा निकाल आधीच लागलेला असतो. तो बदलण्याचा अधिकार खेळाडूला नाही. अद्भुतरम्य राज्यातील शत्रू कोणाचाच पूर्वज नसतो. तेथे हरता येते, तह करता येतो, शत्रूची बाजूही बोलून दाखवता येते. मराठीला ही वाट अपरिचित नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आहे. मात्र कल्पित राज्य रचताना त्यातही जन्मजात उच्चनीचता घुसवली, तर एवढा खटाटोप व्यर्थ होय.

कुर्डुवाडीसारख्या गावाला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही. एके काळी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाणारे हे स्थानक. १८९७ साली येथून बार्शीकडे अरुंद रुळांची लाइट रेल्वे धावू लागली, आणि रेल्वेबरोबर गाव वाढले. पोटापाण्यासाठी नाना ठिकाणांहून आलेल्या माणसांनी एकमेकांशेजारी राहण्याची सवय जंक्शनच्या गावाला लवकर लागते. येथील महाविद्यालयीन तरुणांनी आरंभ करावा तो लहानच. दहा-बारा जण, एका शेतकऱ्याची संमती घेऊन मिळवलेले मोकळे रान आणि एक दिवस, एवढे पुरे. पोशाखाला आईचे जुने लुगडे आणि आजोबांचा फेटा चालतो. तलवार म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीवर जाड फोमचे वेष्टण. डोक्यावर वार नाही, आणि ठरलेला शब्द उच्चारताच खेळ जागच्या जागी थांबला पाहिजे. परांड्याचा भुईकोट जवळ आहे. पण संरक्षित वास्तू ही खेळाची मालमत्ता नव्हे, तेथे फक्त पाहण्यास जावे.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी करावी: आजूबाजूच्या वस्तीला, पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला आगाऊ कळवावे; खाकी गणवेश आणि खरी शस्त्रे कटाक्षाने टाळावीत. हा सल्ला केवळ औपचारिक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले. ज्या समाजाने शतकानुशतके अनोळखी वेषातील फिरस्त्याला दारात उभे केले आणि पसाभर धान्य घातले, त्याच समाजाला असा फिरस्ता आता भयाचा विषय वाटू लागला आहे.

म्हणूनच या खेळाकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही. आईबापांनी मुलींनाही त्यासाठी मोकळ्या मनाने जाऊ द्यावे. संयोजकांनी त्यांच्या सुरक्षिततेची हमी कृतीने द्यावी. आपल्या मुलांनी दोन दिवस दुसऱ्याच्या कातडीत शिरून पाहिले, तर परीक्षेतले गुण वाढतील असे आश्वासन कोणी देऊ नये. दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाकडे पाहण्याची त्यांची नजर थोडी निवळली, तरी या पोरखेळाने मोठ्यांचे काम केले असे म्हणावे लागेल.