पिस्तूल कोटीचं नको, मुठीचं हवं!

पॅरिस ऑलिम्पिकनंतर सोशल मीडियावर एक आकडा जोरात फिरला. मनू भाकरचं पिस्तूल म्हणे एक कोटीचं! मुलाखतीत हाच प्रश्न समोर आला तेव्हा मनू स्वतःच चकित झाली. पिस्तूल साधारण दीड लाख ते एक लाख ८५ हजारांपर्यंत येतं, आणि मॉडेल कोणतं, नवं की सेकंडहँड, कस्टमाइज केलेलं आहे का, यावर किंमत ठरते, असं तिने सांगून टाकलं. कोटीची अफवा तिथेच संपली. पण तिच्या उत्तरातला 'कस्टमाइज' हा शब्द फारसा कुणी पकडला नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

पॅरिसमधले दोन व्हायरल चेहरे आठवा. तुर्कीचा युसुफ दिकेच : साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा, एक हात खिशात. ज्या १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात मनू आणि सरबज्योत सिंगने ब्राँझ जिंकलं, त्याच प्रकारात त्याने शेव्वल इलायदा तरहानसोबत सिल्व्हर मिळवलं. दुसरी दक्षिण कोरियाची किम येजी : डोळ्यावर सायन्स फिक्शन सिनेमातला वाटावा असा नेमबाजीचा चष्मा. तिलाही महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलमध्ये सिल्व्हरच. दिकेचचे मीम बघून 'गिअर-बिअर काही लागत नाही भावा, टॅलेंट लागतं' असं सगळे म्हणाले. पण त्याच्या हातातलं पिस्तूल काही जत्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलवरचं नव्हतं. ते स्पर्धेसाठीच बनवलेलं होतं. म्हणजे गिअर लागतंच. प्रश्न असा की कोणतं, आणि आपल्यासारख्या कॉलेजच्या पोरांनी पैसे नेमके कुठे घालायचे?

पाव मिलिमीटरचा खेळ

आधी थोडं गणित. टार्गेट १० मीटरवर असतं. त्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिलिमीटर. पेलेट ४.५ मिलिमीटरचं. ते रेषेला नुसतं टेकलं तरी जास्तीचा गुण मिळतो, हे धरलं तरी केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या पलीकडे गेलात की दहा हुकला. आता पिस्तुलाची पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर. म्हणजे दोन साइट एकमेकींच्या तुलनेत पाव मिलिमीटर इकडे-तिकडे सरकल्या तरी शॉट दहाच्या बाहेर.

आणि हे एकदा नाही, ७५ मिनिटांत ६० वेळा जमवायचं. तेही एका हाताने, दुसऱ्या हाताचा किंवा कशाचाच आधार न घेता.

हे कळलं की कस्टमायझेशनचा अर्थच बदलतो. इथे सगळ्यात महत्त्वाचा पार्ट म्हणजे ग्रिप, लाकडाची मूठ. पिस्तूल उचलल्यावर मनगट न वळवता साइट आपोआप सरळ रेषेत आल्या, तर ग्रिप तुमची. प्रत्येक वेळी बोटांनी जोर देऊन त्या सरळ कराव्या लागत असतील, तर ६० शॉट्समध्ये हात कधी ना कधी दगा देणारच. म्हणून नेमबाज अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप काचकागदाने घासतात, जिथे पोकळी राहते तिथे वूड पुटी भरतात, पुन्हा धरून बघतात, पुन्हा घासतात. वेगळी ग्रिप बनवून देणाऱ्या कंपन्या युरोपात आहेत. काही जण तर हाताचं मापच पाठवून ग्रिप मागवतात. लांबून बघितलं तर हे सुतारकाम वाटेल. आहेच ते सुतारकाम!

दुसरा नंबर ट्रिगरचा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा. स्पर्धेआधी वजन लटकवून तो तपासला जातो. त्या मर्यादेत राहून ट्रिगर बोटाच्या कोणत्या पेराखाली यावा, पहिला दाब किती आणि शेवटचा 'कट' कुठे, हे स्वतःपुरतं बसवून घेता येतं. मग छोटी वजनं : पुढे लावली की पिस्तूल स्थिर वाटतं, पण खांदा लवकर भरून येतो. आणि साइटची रुंदी, जी प्रत्येकाच्या नजरेप्रमाणे वेगळी लागते.

या सगळ्याला कुंपण आहे. पिस्तूल जास्तीत जास्त १,५०० ग्रॅमचं, आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसणारं. ग्रिपने मनगटाला आधार द्यायचा नाही. दुर्बीण किंवा लेझर चालत नाही. थोडक्यात, पैसा ओतून यंत्राकडून नेम धरून घ्यायची सोयच ठेवलेली नाही.

'पॉवर'चा मोह

आता दुसरी बाजू. आपल्याकडे 'मॉडिफाय' म्हटलं की डोक्यात बुलेटचा सायलेन्सर येतो. जास्त आवाज, जास्त दम. एअर पिस्तूल हातात आलं की तोच प्रश्न येतो : कडक स्प्रिंग टाकली तर? प्रेशर वाढवलं तर?

याचं उत्तर बेरीज-गुणाकारातच आहे. स्पर्धेतलं पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचं असतं आणि वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. हिशेब केला तर ऊर्जा सहा ज्यूलच्याही आत येते. ऑलिम्पिक मेडल एवढ्यावर मिळतं! कारण कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. उलट ताकद वाढली की धक्का वाढतो, आणि धक्का वाढला की पाव मिलिमीटरचं गणित कोसळतं.

कायद्याचाही भाग आहे. २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर वेपनला परवाना लागत नाही. ती रेषा ओलांडली की लागतो. म्हणजे गॅरेजमध्ये केलेला 'जुगाड' जास्तच यशस्वी झाला, तर घरात विनापरवाना शस्त्र आहे असाच त्याचा अर्थ. शिवाय स्पर्धेच्या बऱ्याच पिस्तुलांच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा दाबलेली असते. कारच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असते, यावरून अंदाज घ्या. सिलिंडर, व्हॉल्व्ह, सील यांना घरी हात लावायचा नाही, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचं नाही. बाकी सगळ्या अपग्रेडवर वाद घालता येईल, यावर नाही.

टोकियोचा धडा

महागड्या पिस्तुलाने सगळे प्रश्न सुटतात का? २०२१मध्ये टोकियोत याच मनूच्या पिस्तुलात पात्रता फेरी सुरू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला, वाढीव वेळ मिळाला नाही. उरलेले शॉट्स घाईत मारावे लागले. तिचा स्कोअर ५७५, क्रमांक बारावा. फायनल गाठलेल्या शेवटच्या खेळाडूचा स्कोअर होता ५७७. दोन गुण!

ऑलिम्पिकमध्ये सोबत कोच होते, टीम होती, तरी हे झालं. मग जिल्हा पातळीवरच्या मुलामुलींचं काय? मोरिनी स्विस, स्टायर ऑस्ट्रियन, फाइनवर्कबाऊ आणि वाल्थर जर्मन, पार्दिनी इटालियन. स्पर्धेच्या पिस्तुलांमधली ही मोठी नावं सगळी परदेशी. साधं सील गेलं तरी पार्ट येईपर्यंत वाट बघायची, आणि आल्यावर तो बसवणारा जाणता माणूस शोधायचा. एवढ्यात स्पर्धा होऊनही जाते. त्यामुळे दीड लाखाचं पिस्तूल घेणाऱ्या घराने 'हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?' हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायला हवा.

मग पैसे कुठे घालायचे?

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही तीन नावं घेतली तरी पुरे. कोल्हापूरच्या मातीतून जागतिक पातळीवरचे नेमबाज घडतात, हे आता वेगळं सिद्ध करायला नको. पण सुरुवात करणाऱ्या मुलामुलींच्या हातात सहसा क्लबचं किंवा कॉलेजचं सामायिक पिस्तूल येतं. सकाळी ते एका लांब बोटांच्या मुलाच्या हातात, दुपारी एका छोट्या पंजाच्या मुलीच्या. ग्रिप एकच, मधल्या मापाची. ती घासता येत नाही, कारण ती कुणा एकाची नाही. मग दोघंही तिच्याशी जुळवून घेतात, चुकीची पकड अंगात मुरते, आणि 'आपल्याला हे जमत नाही' असं वाटून एक जण सोडून देतो.

यावर तोडगा फार महाग नाही. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांची ग्रिप एका बोल्टवर निघते आणि बसते. म्हणजे पिस्तूल सामायिक ठेवून ग्रिप प्रत्येकाची वेगळी ठेवता येते, अगदी क्रिकेटमध्ये किट टीमची पण ग्लोव्हज आपापले असतात तसं. पिस्तुलाच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात हे काम होतं. कॉलेजांनी पिस्तूल घ्यावं, सुटे सील आणि एक दुरुस्ती जाणणारा माणूस यांची सोय करावी, आणि विद्यार्थ्याने फक्त स्वतःच्या ग्रिपचा खर्च उचलावा. कर्ज काढून पिस्तूल घ्यायचं की खेळ सोडायचा, एवढे दोनच पर्याय मग उरणार नाहीत.

स्वतः सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रम सोपा आहे. आधी कोचसमोर क्लबच्या पिस्तुलावर काही महिने. मग स्वतःची ग्रिप. मग आपल्या पिस्तुलाला मानवणारी पेलेट, कारण एकच पेलेट प्रत्येक बॅरलमधून सारखं जात नाही. ट्रिगर आणि वजनं त्यानंतर, तीही एका वेळी एकच बदलायची, नाहीतर स्कोअर कशामुळे वाढला किंवा पडला ते कळणारच नाही. स्वतःच्या पिस्तुलाचा विचार सगळ्यात शेवटी.

आपल्या कॉलेजात नेमबाजीचं किट असेल तर जिमखान्यात जाऊन दोनच गोष्टी विचारा : पिस्तुलाचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, आणि सिलिंडरवर मुदत काय लिहिली आहे. उत्तर मिळालं नाही, तर पहिलं अपग्रेड तिथेच करायचं आहे.