राख तलावातले नितळ पाणी

गारखेडा परिसरात नळाला पाणी येण्याचा दिवस घरातल्या लहानथोरांना पाठ असतो. पुंडलिकनगर असो की उल्कानगरी, त्या दिवशी मोटार, टाकी, ड्रम आणि हंडे यांच्याभोवतीच सगळे घर फिरते. पहिल्या दोन-चार बादल्या गढूळ आल्या तर त्या झाडांना जातात. पाणी निवळले की पिण्याचे भांडे भरले जाते. निवळ पाणी म्हणजे चांगले पाणी, हा हिशेब घरोघरी पक्का आहे. गढूळपणाबरोबर रोगजंतू येतात, त्यामुळे तो अगदीच चुकीचाही नाही. पण काही गोष्टी पाण्याचा रंग, वास आणि चव काहीच न बदलता पोटात जातात. औष्णिक वीज केंद्रांचे सांडपाणी या प्रकारात मोडते.

छत्रपती संभाजीनगरचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. फारोळ्याला ते शुद्ध होते, नक्षत्रवाडीहून शहरभर जाते. नाथसागरात ते येते गोदावरीतून, आणि गोदावरी येते नाशिककडून. नाशिक शहर ओलांडल्यावर नदीच्या काठी एकलहरे येथे 210 मेगावॉटचे 3 संच असलेले औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याला लागणारे पाणीही गोदावरीचेच. पुढे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, मग कोपरगाव, आणि शेवटी धरणाचा फुगवटा. एवढ्या प्रवासात पाण्यात इतर नद्यांचे पाणी मिसळते, गाळ खाली बसतो, विरघळलेले पदार्थ विरळ होतात. त्यामुळे गारखेड्याच्या नळाला राखेचे पाणी येते, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. नाशिकच्या मैलापाण्याचा प्रश्न आज त्याहून मोठा आहे, आणि त्यावर बोललेही जाते. वीज केंद्राच्या पाण्यावर मात्र धरणाखालच्या शहरात कोणी प्रश्नच विचारत नाही.

भारतीय कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राख असते. ती पाण्यात कालवून, पाइपांतून राख तलावात नेऊन सोडायची, ही जुन्या केंद्रांची पद्धत. राख तळाशी बसते, वर नितळ पाणी उरते. ते परत केंद्रात नेऊन वापरले तर ठीक, नाही तर सांडव्यावरून नाल्यात आणि नाल्यातून नदीत. तलावाच्या तळाला अस्तर नसेल तर काही पाणी जमिनीत झिरपून विहिरींपर्यंतही जाते. कोळशात आर्सेनिक, सेलेनियम, शिसे, कॅडमियम, क्रोमियम अशी मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. कोळसा जळून जातो, मूलद्रव्ये जळत नाहीत. ती राखेत एकवटतात आणि राख पाण्यात कालवली की त्यांतला काही भाग विरघळतो. पारा बराचसा धुरावाटे निघून जातो, तरी फिरून जमिनीवर आणि पाण्यातच येतो. शीतकरण मनोऱ्यांतून सोडलेले क्लोरिनयुक्त पाणी, रासायनिक विभागातले आम्ल-अल्कली, पावसाळ्यात कोळशाच्या ढिगांवरून वाहणारे काळे पाणी, हे सगळे वेगळेच.

कायदा या पाण्याकडे कसा पाहतो? पर्यावरण संरक्षण नियमांत औष्णिक केंद्रांच्या सांडपाण्याची मानके दिलेली आहेत. त्यांत राख तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी तीन अटी आहेत. सामू 6.5 ते 8.5 असावा, तरंगणारे कण लिटरमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत आणि तेल-ग्रीस 20 मिलिग्रॅमच्या आत असावे. आर्सेनिक नाही, पारा नाही, सेलेनियम नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतिपत्रात जादा अटी घालू शकते, पण मूळ मानक हे असे आहे. म्हणजे गारखेड्यातली गृहिणी बादलीकडे पाहून जो निकाल देते, साधारण तोच निकाल हे मानक राख तलावाकडे पाहून देते: पाणी निवळले, चालेल.

नदीच्या दुसऱ्या टोकाला मात्र पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस 10500, वेगळीच भाषा बोलते. लिटरमागे आर्सेनिक 0.01 मिलिग्रॅम, सेलेनियम 0.01, शिसे 0.01, कॅडमियम 0.003, पारा 0.001. ज्या पदार्थांची पिणाऱ्याने इतकी बारीक काळजी घ्यायची, त्यांचे नावही सोडणाऱ्याच्या मानकात नसावे, ही विसंगती कारकुनी चूक म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

मधली जबाबदारी मग जलशुद्धीकरण केंद्रावर येते. तिथली रीत तुरटी, निवळण, वाळूची गाळणी आणि क्लोरिन अशी आहे. गढूळपणा आणि जंतू यांच्यासाठी ती उत्तम आहे. विरघळलेल्या धातूंसाठी ती बांधलेलीच नाही. तुरटीने त्यांतला काही भाग खाली बसतो, बाकीचा पुढे जातो. घरी पाणी उकळल्यास जंतू मरतात, आर्सेनिक मात्र होते तेवढेच राहते, आणि वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात थोडे दाटच होते. आरओ यंत्र बऱ्याच अंशी उपयोगी पडते. पण ते पाण्याचा मोठा हिस्सा बाहेर टाकून देते. जिथे नळ अनेक दिवसांआड येतो, तिथे साठवलेल्या पाण्यातले अर्धेअधिक मोरीत सोडायचे, हा कसला उपाय? आणि ज्या घरात आरओ नाही त्या घराने काय करायचे?

दवाखान्यात हे आजार ओळखू येत नाहीत, ही खरी अडचण आहे. जुलाबाचा रुग्ण दुसऱ्या दिवशी येतो आणि पाण्याचे नाव घेतो. आर्सेनिकचा परिणाम दिसायला वर्षे जातात. तळहात-तळपायांवर कठीण दाणे येतात, छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके पडतात. मूत्राशयाचा, फुप्फुसाचा, त्वचेचा कर्करोग त्याहूनही उशिरा. पश्चिम बंगालमध्ये हे सगळे भूजलातल्या नैसर्गिक आर्सेनिकमुळे दिसले, तेही तिथल्या पाण्यात प्रमाण फार जास्त होते म्हणून. प्रमाण कमी असेल तर चित्र आणखी धूसर होते. कॅडमियम मूत्रपिंडावर हळूहळू काम करते, शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर. पारा धरणाच्या गाळात सेंद्रिय रूप घेतो आणि माशांतून ताटात येतो. गर्भवतींसाठी ते सर्वांत वाईट. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टर विडी-सिगारेटबद्दल विचारतात, आणि ते बरोबरच आहे. वीस वर्षे कुठले पाणी प्यालात, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आजार एकेका रुग्णाचा म्हणून नोंदला जातो, पाण्याच्या खात्यावर कधी चढत नाही.

महाराष्ट्रात याचे सर्वांत उघड उदाहरण नागपूरजवळचे आहे. जुलै 2022 मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतांत, वस्त्यांत आणि ओढ्यांतून कोलार-कन्हान नद्यांकडे गेला. याच कन्हानवर नागपूरला पाणी पुरवणारे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बंधारा फुटतो त्या दिवशी कॅमेरे येतात, पंचनामे होतात. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 2021 मध्ये, मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांच्या अभ्यासात कोराडी आणि खापरखेडा परिसरातल्या पाण्याच्या नमुन्यांत पारा, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये मर्यादेपेक्षा जास्त आढळली होती. तेव्हा काहीही फुटलेले नव्हते.

अमेरिकेतला अनुभव आणखी एक इशारा देतो. नॉर्थ कॅरोलायनातील बेल्यूज क्रीक केंद्रात 2008 मध्ये धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसली. हवा सुधारली. पण धुरातले ब्रोमाइड आता धुण्याच्या पाण्यात आणि तिथून डॅन नदीत जाऊ लागले. ब्रोमाइड स्वतः फारसे घातक नाही. खालच्या ईडन आणि मॅडिसन या गावांनी नेहमीप्रमाणे पाण्यात क्लोरिन घातले, तेव्हा मात्र त्यापासून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे वाढली. मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध असल्याची शंका आहे. गावाच्या जलशुद्धीकरण केंद्राची काहीच चूक नव्हती. जंतू मारण्याचे त्याचे काम ते चोख करत होते. भारतात जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने बहुतेक संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट दिली, तो हवेच्या दृष्टीने चिंतेचा आणि वेगळ्या लेखाचा विषय. जिथे ती बसेल तिथे तिच्या सांडपाण्याची सोय आधी पाहावी, एवढे इथे पुरे.

उपाय अवघड नाहीत आणि नवेही नाहीत. राख कोरडीच गोळा करून सिमेंट आणि विटांसाठी द्यायची; 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने राखेचा 100 टक्के वापर बंधनकारक केलाच आहे. कोरड्या राखेला पाणी लागत नाही, त्यामुळे सांडपाणी तयारच होत नाही. उरलेल्या ओल्या राखेचे पाणी तलावातून परत केंद्रात फिरवायचे. तलावाला अस्तर घालायचे. तरीही जे सोडावे लागेल त्यातले आर्सेनिक लोहाच्या क्षारांनी खाली बसवता येते, सेलेनियमसाठी जिवाणूंवर चालणारी प्रक्रिया आहे. यात केंद्राचाही स्वार्थ आहे. 2015 च्या जुलैमध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडले होते, हे मराठवाडा विसरलेला नाही. फिरवून वापरलेले पाणी दुष्काळात नव्याने मागावे लागत नाही. कोराडीला तर नागपूरचे प्रक्रिया केलेले मैलापाणी वापरायची सवय आहेच.

खर्चाचा मुद्दा लगेच पुढे येईल. खर्च आजही होतोच आहे, फक्त दुसऱ्याच्या खिशातून. केंद्राने पाणी स्वच्छ केले तर त्याचा भार वीजदरात राज्यभर वाटला जाईल. न केले तर तो नदीखालच्या घरांवर आरओ, जार आणि औषधांच्या रूपाने पडतो, आणि गरिबाच्या घरावर आजाराच्या रूपाने.

पण आधी मोजणी हवी. एकलहऱ्याच्या वर आणि खाली, नांदूर मध्यमेश्वरला, आणि नाथसागरात शहराच्या पाणी उपशाच्या जागी, आर्सेनिक, पारा, सेलेनियम, शिसे, कॅडमियम आणि ब्रोमाइड मोजावे. मे महिन्यात धरण तळाला जाते तेव्हा एकदा आणि पहिल्या पुरात एकदा, एवढे तरी व्हावे. फारोळ्यानंतरच्या पाण्यात ट्रायहॅलोमिथेनही मोजावेत. महापालिकेने हे आकडे पाणीपट्टीच्या बिलावर छापावेत. आकडे चांगले आले तर लोकांची भीती जाईल, तीही काही लहान गोष्ट नाही. वाईट आले तर राख तलावाच्या त्या तीन अटींत चौथी, पाचवी, सहावी घालण्याची मागणी करायला मराठवाड्याच्या हाती काहीतरी असेल.

शहराच्या नव्या पाणी योजनेवर 2740 कोटी रुपये खर्च होत आहेत. पैठणहून 2500 मिलिमीटर व्यासाची वाहिनी येते आहे. गारखेड्याला रोज पाणी मिळावे यासाठी ती हवीच आहे. नदीत जे असेल तेच त्या वाहिनीतून येईल, आजच्यापेक्षा जास्त आणि रोज.