भायले कोण, आपण कोण?

सुर्ला (डिचोली) : तिठ्यावर चहा घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, "भायल्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या."

आपल्या भागात नोकऱ्या खरंच कोणी खाल्ल्या? २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले एकदम घरी बसले. यात बिहारच्या मजुराचा काय हात?

मजुरीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी कॉमर्सचा माणूस. माणसं वाढली की दर दबतो एवढं कळतं. पण सेंट्रिंग, प्लास्टरच्या कामाला आपली मुलं आधीच जात नव्हती. तिथे दर दबतो तो पाच वर्षांपूर्वी आलेल्या परप्रांतीयाचाच. खरा फटका बसतो तो कारखान्यात, जिथे कायम कामगाराच्या जागी ठेकेदार माणसं पुरवतो. लांबून आलेला माणूस पीएफचं विचारायला घाबरतो, युनियनच्या वाटेला जात नाही. मालकाला तेच हवं असतं. सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, ठेकेदाराला कसला दाखला?

"सोयींवर ताण पडतो" हे दुसरं. दोडामार्ग-बांद्याच्या वाचकांनी इथे जरा आठवून बघावं. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोमेकॉत बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा सिंधुदुर्गात केवढी ओरड झाली! ताण खोटा नव्हता. पण रुग्ण हौसेने बांबोळीला येत नव्हते, जवळ तसं इस्पितळ नव्हतं म्हणून येत होते. सकाळी मोटारसायकलवरून डिचोली, म्हापशाला कामाला येणारी तिकडची पोरंही गोव्याच्या हिशेबात भायलीच. आणि गावी ओडिशाचा मजूर दिसला की तीच पोरं तेच वाक्य म्हणतात.

गोवेकर तरी कुठे घरी बसलाय? २०२० पर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंड गाठलेले कमी नाहीत. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) गोव्याचा जननदर १.३. उद्या कामाला माणसं आणायची कुठून, हे कोणी बोलत नाही.

परवा तिठ्यावर ज्याने ते वाक्य म्हटलं, त्याच्या घरामागच्या चार खोल्या परप्रांतीय मजुरांनाच भाड्याने आहेत. पोलिसांत भाडेकरूंचा फॉर्म भरलास का, विचारलं. म्हणाला, "बघूया."