भूतदयेला शिस्तीची जोड हवी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल टिटवाळा सोडते आणि पुढचे स्थानक येते खडवली. भातसा नदीच्या काठचे हे गाव कल्याण तालुक्यात असले, तरी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत मोडत नाही. येथील कारभार ग्रामपंचायत पाहते. कुत्र्या-मांजरांच्या प्रश्नात हा भेद महत्त्वाचा आहे. महापालिकेपाशी आरोग्य विभाग असतो, कर्मचारी असतात. ग्रामपंचायतीचे खरे बळ म्हणजे ग्रामसभा आणि गावकऱ्यांचा विवेक. रेबीज मात्र हद्द ओळखत नाही.

या प्रश्नाची चर्चा नेहमी भटक्या कुत्र्यांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. पाळीव कुत्र्याच्या मालकाकडे कोणी बोट दाखवत नाही. राखणीच्या वेळी कुत्रा आपला असतो. तो कोणाला चावला की लगेच बेवारशी ठरतो! शहरात मुलांच्या हट्टापायी आणलेले पिल्लू वाढले, आजारी पडले किंवा घर बदलले की गावाच्या वेशीवर सोडून दिले जाते. मांजर तर ‘स्वतःचे पोट स्वतः भरते’ म्हणून कोणाच्याच जबाबदारीत बसत नाही. तिची पिल्ले पोत्यात घालून दूर सोडून येणाऱ्यास त्यात काही वावगे केले असे वाटतही नाही. आजचे भटके जनावर हे पुष्कळदा कालच्या पाळीव जनावराचेच वंशज असते.

कायदा याबाबत मुग्ध नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशन आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. आपल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी स्पष्ट केले. मग उणीव कशाची आहे? कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवण्याची.

आपल्या परंपरेत श्वानाला स्थान आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी श्वान असतात. श्राद्धाच्या दिवशी कुत्र्यासाठी घास वेगळा काढला जातो. महाभारतातील धर्मराजाने तर आपल्या मागे आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास नकार दिला. त्या कथेचे मर्म घासात नाही, साथ न सोडण्यात आहे. रस्त्यात बिस्किटांचा पुडा रिकामा करून निघून जाणे ही भूतदया नव्हे. आश्रय दिलेल्या जिवाचे दायित्व अखेरपर्यंत निभावणे, आणि त्याच्यामुळे शेजाऱ्याचे मूल धोक्यात येऊ न देणे, ही खरी भूतदया होय.

गोव्याने हे करून दाखवले आहे. घरोघरी व रस्त्यांवर कुत्र्यांचे व्यापक लसीकरण आणि शाळाशाळांतून प्रबोधन यांच्या बळावर २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झाले. खडवलीसारख्या गावालाही आरंभ करता येईल. ग्रामसभेने ठराव करून प्रत्येक पाळीव कुत्र्या-मांजराची नोंद ठेवावी, दरवर्षी लसीकरणाचे शिबिर भरवावे, सार्वजनिक जागी कुत्र्याला साखळी बंधनकारक करावी, आणि खाऊ घालण्याची जागा शाळा व स्थानकापासून दूर नेमावी. कुत्रा वा मांजर चावल्यास, ओरखडल्यासही, जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून तत्काळ लस घ्यावी, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असावे. कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या दारातील जनावर आपले आहे, एवढे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा लागतो. ग्रामसभेच्या ठरावाआधी तो ठराव प्रत्येक घरात व्हायला हवा.