लवाद नेमावा कोणी?

शासकीय बांधकामांच्या करारनाम्यांत एक कलम वर्षानुवर्षे चालत आले आहे : वाद उद्भवल्यास मुख्य अभियंता, अथवा ते नेमतील ती व्यक्ती, एकमेव लवाद म्हणून निवाडा देईल. ज्या खात्याने देयक अडवले, त्याच खात्याने न्यायाधीश नेमायचा! कंत्राटदार यावर सही करतो, कारण सही न करणाऱ्यास काम मिळत नाही.

१९९६ च्या लवादविषयक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि पक्षकाराचा कर्मचारी लवाद होण्यास अपात्र ठरला. पुढे गुंटूर येथील नियोजित ‘एम्स’च्या आराखड्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले की, निकालात ज्याचे हितसंबंध आहेत त्याने एकट्याने लवाद नेमूही नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकतर्फी नेमणुकीची अशी कलमे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. शासकीय उपक्रमांना नावांची यादी बाळगता येईल. त्यातूनच निवड करा, अशी सक्ती मात्र करता येणार नाही.

तरीही जुन्या करारांवर बोट ठेवून नेमणुकीचे आदेश काढण्याचा मोह सुटत नाही. ‘पैसा जनतेचा आहे, बाहेरचा लवाद तो सढळ हाताने वाटेल,’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. ही भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. पण हिशेब पाहावा. नेमणुकीवरील हरकत सोडून देण्यास वाद उद्भवल्यानंतरची स्पष्ट, लेखी संमती लागते. सुनावणीस मुकाट्याने हजर राहणे म्हणजे संमती नव्हे. म्हणजे कंत्राटदार दोन वर्षे गप्प बसेल, निवाडा विरुद्ध गेला की कलम १२(५) पुढे करील, आणि खात्याने जिंकलेला निवाडाही रद्द होईल. पुन्हा पहिल्यापासून सुनावणी, पुन्हा वकिलांचे शुल्क; आणि अखेर हरलोच, तर मधल्या वर्षांचे व्याज तिजोरीच्या माथी.

जून २०२४ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने दहा कोटींहून मोठ्या वादांसाठी लवादाचे कलम सरसकट घालू नये, असे सुचविले. दिवाणी न्यायालयांतील रांग पाहता मला तो मार्ग फारसा जवळचा वाटत नाही.

जुने करार बदलणे कठीण असले, तरी पत्र लिहिणे कठीण नाही. लवादाची मागणी आली की तीस दिवसांच्या आत खात्याने तीन-चार तटस्थ नावे सुचवावीत, कंत्राटदाराची नावे मागवावीत आणि जे नाव ठरेल त्यावर दोघांची लेखी संमती नस्तीत ठेवावी. एकमत न झाल्यास उच्च न्यायालय नेमणूक करील. त्यासाठी मंत्रालयाच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.