अंगात भिनणारा पाठ

मृगाच्या सरी येऊन जातात, ब्रह्मगिरीच्या माथ्यावर ढग उतरू लागतात आणि जूनच्या मध्यावर आपल्या शाळांची दारे पुन्हा उघडतात. दाराला तोरण, फळ्यावर रंगीत खडूंनी रेखलेले स्वागत, कोऱ्या पुस्तकांचा वास. हा सोहळा आपण दरवर्षी त्याच उत्साहाने करतो. त्याच सुमारास येणारा १५ जून हा जागतिक मल्लखांब दिन. नाशिककरांना त्याचे अगत्य अंमळ अधिक, कारण दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या विद्येला नवसंजीवनी देणारे बाळंभटदादा देवधर आपल्या निफाड तालुक्यातील कोठुऱ्याचे. सप्तशृंगीच्या गडावर आराधना करताना त्यांना ही विद्या स्फुरली, असे परंपरा सांगते. गुरूच्या अंगातून शिष्याच्या अंगात उतरत ती दोन शतके चालत आली. शाळा उघडताना या परंपरेकडे पाहिले, की आपल्या अध्यापक विद्यालयांचे एक राहून गेलेले कर्तव्य ध्यानी येते: छात्रशिक्षकांना हालचालीतून शिकवायला शिकवण्याचे.

मूल घरून उड्या मारत येते आणि घंटा होताच बाकावर जखडले जाते. शांत वर्ग तोच चांगला वर्ग, ही समजूत आपल्या मनात इतकी मुरली आहे की हालचालीला आपण पीटीच्या तासापुरतीच जागा ठेवली, आणि तो तासही बहुधा गणिताच्या राहिलेल्या धड्याला देऊन टाकला. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते दमदार हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने देशी खेळांसह शारीरिक कृती अध्यापनातच गुंफण्याचा आग्रह धरला आहे. पण धोरण वर्गात येते ते शिक्षकाच्या पावलांनी, आणि ती पावले वळण घेतात छात्रदशेत.

म्हणून छात्रशिक्षकाच्या पाठाच्या टाचणात फलक, तक्ते आणि प्रश्न यांच्या जोडीने मुलांच्या हालचालीलाही स्थान हवे. फरशीवर खडूने संख्यारेषा आखावी आणि बेरीज-वजाबाकी पुढे-मागे उड्या मारत सोडवावी. दोन्ही हात पसरून लघुकोन, काटकोन, विशालकोन करावेत. तिसरीच्या वर्गात जिल्ह्याचा भूगोल शिकवताना मुलांनीच गोदावरी व्हावे. त्र्यंबकेश्वरहून निघालेली रांग गंगापूर धरण, नाशिक शहर ओलांडून पूर्वेकडे सरकावी, वाटेत दारणा तिला मिळावी, नांदूरमध्यमेश्वरी कादवा येऊन भेटावी. ज्या संगमावर मूल स्वतः उभे राहिले, तो त्याला नकाशावर शोधावा लागत नाही.

हे दिसते तितके सोपे नाही, म्हणूनच ते शिकवावे लागते. चाळीस मुलांच्या अरुंद खोलीत बाक कसे सरकवावेत, उसळलेला वर्ग एका टाळीने पुन्हा कसा स्थिरावावा, कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला खेळाबाहेर न ठेवता कृती कशी बदलावी, मागे मागे राहणाऱ्या मुलीला संकोच न वाटता पुढे कसे आणावे, ही कौशल्ये व्याख्यानाने येत नाहीत. आधी छात्रशिक्षकांनी स्वतः त्या खडूच्या संख्यारेषेवर उड्या मारल्या पाहिजेत, सहाध्यायांसमोर अवघडले पाहिजे, हसले पाहिजे, चुकून पुन्हा केले पाहिजे. आणि पाठनिरीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांनी वर्गातील गलबला ऐकताच गुण कापण्याऐवजी त्या गलबल्यात मुले काय शिकत आहेत, हे निरखले पाहिजे.

आज पदविकेचे धडे घेणारे तरुण उद्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपासून शहरातल्या दाटीच्या वर्गांपर्यंत पोहोचतील, आणि त्यांची सेवा तीन दशकांची असेल. तेवढ्या काळात किती बालके त्यांच्या हाताखालून जातील, याचा विचार केला की प्रशिक्षणाच्या दोन वर्षांचे मोल उमगते. या नव्या सत्रात प्रत्येक अध्यापक विद्यालयाने सराव पाठांपैकी काही पाठ तरी अशा हालत्याबोलत्या अध्यापनासाठी राखून ठेवावेत, मुख्याध्यापकांनी आंतरवासितेला आलेल्या छात्रांना त्यासाठी मोकळीक द्यावी आणि आपण पालकांनी वहीत आज काय लिहिले, एवढेच न विचारता आज काय केले, हेही मुलांना विचारावे. नव्या वर्षाची एवढी जबाबदारी आपण सर्वांनी मिळून उचलू या.