एक गुंठा घेताय? आधी तो पुढे विकता येईल का, ते पाहा

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की पंढरपूर तालुक्यातल्या मोठ्या गावांत एक विषय हमखास निघतो : कुठंतरी एखादा गुंठा घेऊन टाकायचा का? करकंबही त्याला अपवाद नाही. पुण्यात कंपनीत कामाला असलेला मुलगा चार-पाच लाख साठवतो आणि घरचे म्हणतात, 'बँकेत ठेवून काय मिळतं? जागा कधी तोट्यात जात नाही.' तेवढ्यात व्हॉट्सॲपवर जाहिरात येते : 'रोडटच प्लॉट, सुलभ हप्ते, मोजकेच शिल्लक.'

जागेत पैसे घालण्यात गैर काही नाही. पण सुरुवात करणारे बहुतेक जण 'भाव किती वाढेल?' हाच प्रश्न विचारतात. छोट्या गुंतवणूकदाराने आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ही जागा उद्या माझ्याकडून कोण घेईल, आणि कोणत्या कागदावर?

गुंठ्याची अडचण नेमकी काय?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. घर बांधायला पुरेशी जागा. पण शेतजमिनीतून एक-दोन गुंठे कापून विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार सोलापूरसह राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याची रीतसर खरेदी-विक्री होत नाही. मंजूर रेखांकनातले प्लॉट किंवा विहीर, रस्ता अशा ठरावीक कारणांसाठी दिलेली परवानगी, असे काही अपवाद आहेत.

शेतजमिनीला दुसरी अट आहे. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही, त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

मग गुंठे विकले कसे जातात?

पळवाटा दोन. पहिली, नोटरी. पाचशेच्या स्टॅम्पवर इसार पावती, साठेखत किंवा मुखत्यारपत्र लिहून पैसे दिले जातात. नोंदणी कायद्यानुसार १०० रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. मुखत्यारपत्रावर मालकी हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे पैसे गेले, ताबाही मिळाला, पण सातबारावर नाव मूळ मालकाचंच. उद्या त्याच्या वारसांनी हात वर केले, तर कोर्टाच्या पायऱ्या चढणं आलं.

दुसरी पळवाट सामाईक खरेदीची. दहा जणांनी मिळून दहा गुंठे घ्यायचे आणि आपापसांत दोरी टाकून वाटून घ्यायचे. सातबारावर नाव लागतं, पण 'हा माझा गुंठा' असं दाखवणारी हद्द सरकारी नकाशावर नसते. वेगळा उतारा नाही. कर्जाला बँक कचरते. विकायला निघालात, तर घेणाराही तोच प्रश्न विचारतो आणि भाव पाडतो.

सरकारने तुकडे नियमित केलेत ना?

केले, पण सरसकट नाही. २०१७ च्या दुरुस्तीत असे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करता येत होते. २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. २०२५ मध्ये शुल्कच माफ झालं. मात्र ही सवलत १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातल्या जुन्या व्यवहारांना आणि अकृषिक वापराच्या क्षेत्रातल्या तुकड्यांना आहे. 'तुकडेबंदी उठली, आता बिनधास्त घ्या' असं सांगणारा दलाल अर्धंच खरं सांगतो. आज शेतात नव्याने पाडलेल्या गुंठ्याला ती लागू नाही.

एनए प्लॉट असेल तर?

तो मार्ग रीतसर आहे, फक्त शब्दावर विश्वास ठेवू नका. 'एनए होणार आहे' आणि 'एनए झालं आहे' यांत काही वर्षांचं अंतर असू शकतं. बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि कमी-जास्त पत्रकानंतर निघालेला त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा, हे तिन्ही कागद मागा. नियोजन क्षेत्रातला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉटिंग प्रकल्प असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांकही विचारा. तो संकेतस्थळावर मोबाइलवरच तपासता येतो.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. त्यात नावाच्या पुढे जाऊन 'इतर हक्क' हा रकाना वाचा. सोसायटीचा बोजा, वारसांचे हक्क, कुळाची नोंद तिथे सापडते. जमीन भोगवटादार वर्ग २ असेल, तर विक्रीला परवानगी लागते. जुने फेरफारही काढून पाहा.

खर्च धरून हिशेब काय होतो?

समजा, प्लॉट ५ लाखांचा आहे. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क व जिल्हा परिषदेचा अधिभार मिळून ४ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का धरली, तर २५ हजार रुपये वाढतात. म्हणजे सव्वापाच लाख. हीच रक्कम ७ टक्के व्याजाने पाच वर्षं ठेवली, तर सुमारे ७ लाख ३६ हजार होतात. त्यामुळे पाच वर्षांनी प्लॉट साडेसात लाखांना गेला, तर कमाई बँकेइतकीच. मधल्या काळात त्यातून भाडं येत नाही, आणि अडीनडीला अर्धा प्लॉट मोडता येत नाही. पैसे कर्जाऊ असतील, तर गणित आणखी बिघडतं.

पालखी महामार्गाने पंढरपूर परिसरातल्या जमिनींची चर्चा वाढली, हे खरं. पण महामार्गाचा फायदा सगळ्या जमिनींना सारखा होत नाही. आधी जागा धरून बसलेल्याला तो मिळतो. शेवटी आलेला चढा भाव मोजतो.

मग सुरुवात कुठून करावी?

करकंबसारख्या बाजाराच्या गावात छोट्या माणसाची पहिली गुंतवणूक गावठाणातच असलेली बरी. स्वतःच्या घराची मोकळी बाजू, रस्त्यालगतची पडकी खोली. तिथे एक गाळा किंवा दोन खोल्या उभ्या केल्या, तर दुकानदार, शिक्षक, बँकेतले कर्मचारी असा भाडेकरू मिळण्याची शक्यता असते. रक्कम लहान असली, तरी ती दरमहा येते. भाव वाढण्याची वाट पाहत बसावं लागत नाही.

अट तीच, कागदाची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रक दिलं जातं. ते पत्रक हातात असेल, तर विकणं आणि तारण ठेवणं दोन्ही सोपं होतं. भाऊबंदकीचा वाद असेल, तर वाटणीपत्र नोंदवल्याशिवाय वीट रचू नका.

गावात जागाच नसेल आणि हातात थोडेच पैसे असतील, तर शेअर बाजारातले रीट आहेत. देशातलं पहिलं रीट २०१९ मध्ये आलं. कार्यालयं आणि मॉल यांच्या भाड्यातला वाटा युनिटधारकांना मिळतो. वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के वाटणं बंधनकारक आहे, आणि एक युनिटही घेता येतं. किंमत वर-खाली होते, पण विकायला दलाल लागत नाही.

जागा माणसाला आधार देते, हे गावाकडच्या कुणाला सांगायला नको. पण तो आधार मातीइतकाच नोंदलेल्या कागदाचाही असतो. मुलाच्या पाच वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे ज्या गुंठ्यात जाणार, त्याचा उतारा त्याच्या नावावर निघणार नसेल, तर त्याने जागा घेतली नाही. त्याने दुसऱ्याची जागा सांभाळायला पैसे दिले.